सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह आणि अप्पांची हद्द

डॉक्टर राजीव सबनीस माणसांच्या बाबतीत अतिशय सावध आणि वस्तूंच्या बाबतीत अतिशय धाडसी होता. लंडनच्या एका हॉस्पिटलात तो भूल द्यायचं काम करायचा. पेशंटला झोपवण्याआधी तो तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा, कागद तपासायचा, नळ्या तपासायचा. घरचा टोस्टर मात्र त्याने कसलीही विचारपूस न करता उघडला होता. आजवर त्याचे सगळे पेशंट शुद्धीवर आले. टोस्टर काही आला नाही.

त्यामुळे राजीवने बाह्या सरसावल्या की त्याची बायको सुप्रभा आसपासच्या नाजूक वस्तू उचलून ठेवायची. सुप्रभा दातांची डॉक्टर. वेम्बलीला तिची प्रॅक्टिस होती, शनिवारीसुद्धा ती क्लिनिकला जायची, आणि घरातल्या बहुतेक दुर्घटना शनिवारीच घडायच्या. या दोन गोष्टींचा संबंध तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखला होता.

ही गोष्ट दोन हजार चार सालातली. तेव्हा कम्प्युटर खिशात मावत नसे. त्याला घरात जागा द्यावी लागे. सबनीसांच्या स्टॅनमोरच्या घरात तो जिन्याखाली बसायचा. त्याला स्वतःचं टेबल होतं, स्वतःची खुर्ची होती, आणि गुबगुबीत मॉनिटरवर राजीवच्या आईने विणून पाठवलेला क्रोशाचा रुमाल होता. बटण दाबलं की आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज यायचा. मग आपण चहा टाकायचा, आलं किसायचं, चहा गाळून आणायचा, तेव्हा कुठे पडद्यावर हिरवी टेकडी उगवायची. पण त्या वाट बघण्यात मजा होती. घरातली तिन्ही माणसं त्या टेकडीकडे तोंड करून बसायची. आता तिघं तीन खोल्यांत तीन पडद्यांकडे बघत बसतात, आणि चहा ज्याचा तो करून घेतो.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात मात्र कम्प्युटर फारच रेंगाळायला लागला. चहाच काय, साबुदाणा भिजवून खिचडी झाली तरी टेकडी येईना. याला कारण राजीवच होता. कम्प्युटरचा वेग वाढवायला त्याने तीन वेगवेगळे प्रोग्रॅम उतरवून घेतले होते. ते तिघं मिळून सगळा वेग खाऊन टाकायचे आणि वर ‘तुमचा कम्प्युटर फार हळू चालतो आहे’ अशी तक्रारही करायचे. त्यात सात वर्षांच्या शाल्मलीने कुठूनतरी एक मेंढी आणली होती. ती पडद्यावर चालायची आणि माऊसच्या बाणाला गवत समजून खायला यायची.

वेम्बलीच्या हॉलमध्ये मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका वाण लुटत होत्या आणि पुरुष तिळगुळाच्या ताटाभोवती उभे राहून घरांच्या किमती बोलत होते. तिथे राजीवने आपल्या कम्प्युटरचं दुखणं काढलं. मराठी माणसाला दुखणं सांगावं आणि त्याने उपाय सांगू नये, असं होत नाही. एकाने कम्प्युटर रोज बंद करू नये म्हणून सांगितलं, दुसऱ्याने तो मुळीच चालू ठेवू नये म्हणून सांगितलं. नंदावहिनींनी हातातली कुंकवाची कोयरी सावरत विचारलं, “दसऱ्याला पूजा केली होतीत का त्याची?”

“दसऱ्याला आम्ही कॉर्नवॉलला होतो, वहिनी.”

“मग!” नंदावहिनी म्हणाल्या, आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

शेवटी जयंत बोलला. जयंत ब्रॅकनेलच्या एका मोठ्या कम्प्युटर कंपनीत होता, आणि मंडळात ‘ब्रॅकनेल’ हा शब्द उच्चारला की बाकीचे गप्प बसायचे.

“इट्स व्हेरी सिम्पल, राजीव. यू नीड अ पार्टिशन. डिस्कचे दोन भाग करायचे. सीवर फक्त विंडोज. बाकी तुझे प्रोग्रॅम्स सगळे डीवर. सिस्टीम स्लो झाली की सी पुसून टाकायचा, फ्रेश विंडोज घालायची. डीला कोणी टचच करत नाही ना! प्रोग्रॅम्स जिथल्या तिथे. अगदी सेफ.”

“सगळे? म्हणजे… अप्पांचासुद्धा?”

“ऑफकोर्स! आम्ही ब्रॅकनेलला असंच करतो.”

राजीवने अप्पांचं नाव काढलं त्याला कारण होतं. अप्पा म्हणजे सुप्रभाचे वडील. कराडला राहायचे. सगळी नोकरी त्यांनी भूमापन खात्यात केली. लोकांच्या जमिनी मोजायच्या, भाऊबंदांच्या भांडणात उभं राहून खुणेचे दगड रोवायचे आणि हद्द कायम करून द्यायची, यात त्यांचा जन्म गेला. ते स्टॅनमोरला एकदाच आले होते. त्या मुक्कामात राजीवने गळका नळ दुरुस्त करायला घेतला, आणि अप्पांना दोन दिवस टॉवेल खांद्यावर टाकून शेजारच्या मिस्टर हॉब्जकडे आंघोळीला जावं लागलं. अप्पा काही बोलले नाहीत. निघताना फक्त म्हणाले, “जावईबापू, हौस दांडगी आहे तुमची.” राजीव हे वाक्य बरेच दिवस कौतुक म्हणून लोकांना सांगत असे.

कराडला परत गेल्यावर अप्पांनी नातीसाठी एक गंमत केली. त्यांच्या शेजारी अलका नावाची मुलगी कम्प्युटर क्लास चालवायची. तिला हाताशी धरून त्यांनी मराठी अक्षरांचा एक प्रोग्रॅम बनवून घेतला. अक्षरावर टिचकी मारली की चित्र यायचं आणि अप्पांचा खर्जातला आवाज यायचा. पण अंकलिपी अप्पांची स्वतःची होती. “ब बांधाचा.” “स साखळीचा.” “ह हद्दीचा.” त्यामुळे शाल्मलीला अननसाला मराठीत काय म्हणतात ते ठाऊक नव्हतं, पण मिस्टर हॉब्जच्या आणि आपल्या बागेतल्या कुंपणाला ती बिनचूक ‘बांध’ म्हणायची. आणि एका अक्षराशी अप्पांचा आवाज जरा मऊ व्हायचा. “श शाल्मलीचा.”

गेल्या पावसाळ्यात अप्पा गेले. सुप्रभा विमानात होती तेव्हाच गेले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सुप्रभा आणि शाल्मली त्या जिन्याखाली एका खुर्चीत दाटीवाटीने बसायच्या आणि अप्पांकडून सगळी अक्षरं म्हणून घ्यायच्या. एकदा राजीव हॉस्पिटलातून लवकर घरी आला होता. शाल्मली शाळेत होती. जिन्याखालून आवाज येत होता, श शाल्मलीचा, श शाल्मलीचा, श शाल्मलीचा. राजीव दारातूनच मागे फिरला आणि कोपऱ्यापर्यंत उगाच चालून आला. सुप्रभाचा बाप आता त्या डब्यात होता, हे त्याला पक्कं कळलं होतं. म्हणून तर तो डबा बंद पडायच्या आत नीट करायला हवा होता.

पुढच्या शनिवारी सुप्रभा क्लिनिकला गेली, शाल्मलीला जाताना मैत्रिणीच्या बर्थडे पार्टीला सोडून गेली, आणि राजीवने बाह्या सरसावल्या.

डिस्कची वाटणी निर्विघ्न पार पडली. सी आणि डी असे दोन सुटे भाऊ झाले. बाकीच्या प्रोग्रॅमबरोबर अप्पांच्या प्रोग्रॅमचा अख्खा फोल्डरही राजीवने स्वतःच्या हाताने उचलून डीवर नेऊन ठेवला. सावध माणूस तो. सी पुसण्याआधी त्याने डीवरून प्रोग्रॅम चालवून पाहिला. “ह हद्दीचा,” अप्पा ठणठणीत आवाजात म्हणाले. राजीवने समाधानाने मान डोलावली आणि सी पुसून टाकला.

नवी विंडोज आली, पण तिला आपण खरे मालक आहोत हे फोन करून सिद्ध करावं लागत होतं. पडद्यावर आकड्यांची मालगाडी उभी होती, आणि ती फोनवर मोठ्याने वाचायची होती. दुसऱ्यांना उलटे आकडे मोजायला लावून झोपवणारा हा माणूस आता स्वतः सुलटे आकडे म्हणत होता आणि फोनमधलं यंत्र काही केल्या पेंगत नव्हतं. ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट,’ ते म्हणायचं. राजीवने आपलं ठेवणीतलं इंग्रजी काढलं, जे तो फक्त सर्जन लोकांशी बोलताना वापरायचा. मग यंत्राने हार मानून त्याला एका माणसाकडे दिलं.

“गुड आफ्टरनून, दिस इज नीना,” एक मुलगी अगदी विलायती वळणात म्हणाली.

राजीवनेही वळण आणखी आवळलं. दोघांनी बराच वेळ एकमेकांना उत्तम इंग्रजी ऐकवलं. मग राजीवचा एक आकडा चुकला आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून आली.

“च्यायला, काय कटकट आहे,” तो पुटपुटला.

फोनमधून दबका आवाज आला, “सर, तुम्ही मराठी?”

“हो… म्हणजे तुम्ही?”

“औंधला राहते, सर. तिकडे बर्फ पडतंय का हो?”

“नाही हो, नुसतं भुरभुरतंय.”

“सर, कॉल रेकॉर्ड होतोय,” ती घाईने म्हणाली, आणि लगेच पुन्हा विलायती झाली, “कुड यू रीड मी द नेक्स्ट ग्रुप, प्लीज?” राजीवनेही मुकाट्याने सर्जनचं इंग्रजी पुन्हा चढवलं. औंध आणि स्टॅनमोर यांनी मिळून मालगाडी स्टेशनात आणली.

हिरवी टेकडी चहाचं पाणी उकळायच्या आत उगवली. राजीवला भरून आलं. त्याने डी उघडला. सगळे प्रोग्रॅम जिथल्या तिथे होते. पत्रं लिहायच्या प्रोग्रॅमवर टिचकी मारली. तो उघडला नाही. ‘एक आवश्यक भाग नोंदलेला नाही,’ असं इंग्रजीत म्हणाला. स्कॅनरचा प्रोग्रॅमही तेच म्हणाला. त्याने अप्पांच्या प्रोग्रॅमवर टिचकी मारली.

अप्पाही काही बोलले नाहीत. अप्पांचाही एक आवश्यक भाग नोंदलेला नव्हता.

त्याने जयंतला फोन लावला.

“ओह,” जयंत म्हणाला. “येस. रजिस्ट्री. ती सीवर असते ना.”

“मराठीत सांग.”

“म्हणजे बघ, सोसायटीत नवा वॉचमन आला. भाडेकरू जुनेच आहेत, सामानसुमानासकट घरात बसलेत. पण याच्याकडे त्यांची नोंदच नाही. तो कोणाला ओळखतच नाही. प्रत्येक प्रोग्रॅम त्याच्या सीडीवरून परत घालायचा, की ओळखेल.”

“आणि तुम्ही ब्रॅकनेलला काय करता?”

“ब्रॅकनेलला आयटीची माणसं येतात. आम्ही कॉफी प्यायला जातो.”

“तू आयटीत नाहीस?”

“मी आयटी कंपनीत आहे,” जयंत दुखावलेल्या आवाजात म्हणाला. “प्रोक्युअरमेंटला, म्हणजे खरेदीला.”

रागवायलाही वेळ नव्हता. सीडी! अप्पांची सीडी हवी होती. राजीवने कपाटं उपसली, खण उपसले, आणि मग त्याला आठवलं. मागच्या उन्हाळ्यात त्याने बागेत मेथी लावली होती. कबुतरं ती खायची. चकचकीत वस्तू वाऱ्यावर हलली की कबुतरं भितात असं मिस्टर हॉब्जनी सांगितलं होतं. तेव्हा घरातल्या ‘जुन्या’ सीडी गोळा करून, भोकात सुतळी ओवून, वाफ्यावर कोणी टांगल्या होत्या?

मोजे घातलेल्या पायांनीच तो बागेत धावला. मेथी केव्हाच संपली होती, कबुतरंही आली नव्हती, पण सीडी होत्या. ऊन, पाऊस आणि हिवाळा खाऊन फिक्या पडलेल्या, सुतळीवर गरगरत. तिसऱ्या सीडीवर अलकाच्या अक्षरात पुसट दिसत होतं, ‘शाल्मलीची अक्षरं’. पाठीमागे ओरखड्यांचा नुसता नकाशा झाला होता.

“लॉस्ट समथिंग, डॉक्टर?” मिस्टर हॉब्जनी बांधावरून विचारलं.

राजीवने सीडी दाखवली. मिस्टर हॉब्जनी ती चष्मा कपाळावर सरकवून पाहिली. “टूथपेस्ट,” ते गंभीरपणे म्हणाले. “ब्रश इट जेंटली. वर्क्स वंडर्स.” मिस्टर हॉब्जच्या सल्ल्यानेच आपण इथवर आलो हे राजीवच्या ध्यानात यायला हवं होतं. पण बुडत्या माणसाला काडी कोणी दिली याची चौकशी करायला सवड नसते.

सुप्रभा शाल्मलीला घेऊन घरी आली तेव्हा तिचा नवरा स्वयंपाकघरातल्या सिंकशी पाठमोरा उभा होता. मोजे चिखलाने भरलेले. एका हातात ब्रश, सगळीकडे फेस. गेली कित्येक वर्षं दिवसभर एकच वाक्य बोलणाऱ्या त्या बाईच्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं, “असं आडवं नाही घासायचं, गोल गोल घासायचं.” मग तिने पुढे होऊन पाहिलं, आणि ते नाव वाचलं.

राजीवने सगळं सांगितलं. जयंतचं, वॉचमनचं, मेथीचं. सुप्रभा ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती ‘अहो डॉक्टरसाहेब’ म्हणाली असती तरी चाललं असतं. ती खरी चिडली की नवऱ्याला अहोजाहो करायची. पण ती कोट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली.

“टोस्टर मोडलास, नळ मोडलास, मी काही बोलले नाही,” ती अगदी हळू म्हणाली. “माझ्याकडे त्यांचं एवढंच होतं रे.”

राजीवच्या हातातून फेस गळत होता. हॉस्पिटलात वाईट बातमी कशी सांगायची याचा त्याने कोर्स केला होता. आपणच वाईट बातमी झालो तर काय करायचं, हे त्यात नव्हतं.

“आजोबा सिक आहे का?” शाल्मलीने विचारलं. “कम्प्युटरमध्ये नाही बोलतो?”

सीडी धुऊन, पुसून, फुंकर मारून घालून पाहिली. आत ती घरघरली आणि पुदिन्याचा वास सोडून बाहेर आली. शाल्मलीला ते फार विनोदी वाटलं. मोठ्यांपैकी कोणी हसलं नाही.

मग सुप्रभाच त्या खुर्चीत बसली. राजीवने सवयीने माऊसकडे हात नेला. तिने तो हात उचलून बाजूला ठेवला. तिने डी उघडला. अप्पांचा फोल्डर उघडला. राजीव आजवर फक्त प्रोग्रॅमच्या चित्रावर टिचक्या मारत बसला होता. आत काय काय आहे हे बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. आत आणखी एक फोल्डर होता. त्याचं नाव ‘आवाज’.

त्यात नुसत्या ओळीने आवाजाच्या फाइली होत्या, एका अक्षराची एक. साध्या, कुठल्याही कम्प्युटरवर वाजतील अशा. सुप्रभाने एका फाइलवर टिचकी मारली.

“ब बांधाचा,” अप्पा म्हणाले.

शाल्मलीने टाळ्या पिटल्या. सुप्रभाने तोंडावर हात धरला. राजीव तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला. चित्रं नव्हती, रंगीत चौकटी नव्हत्या, पण अप्पा होते. सगळे होते. डीवर होते म्हणूनच होते, असं म्हणायचं राजीवच्या अगदी ओठांवर आलं. पण एवढी अक्कल त्याला होती की ते त्याने गिळलं.

यादीच्या तळाशी एक छोटा फोल्डर होता. अलकाने त्याला नाव दिलं होतं ‘नको’. प्रोग्रॅममधून हा कधीच वाजला नव्हता. सुप्रभाने तो उघडला.

आधी खोकला ऐकू आला. मग कुकरची शिट्टी, आणि लांबून सुप्रभाच्या आईचा आवाज, “अहो, चहा गार होतोय.” मग अप्पा, पण धड्यातले नव्हे, घरातले, बनियनवर बसलेले अप्पा. “थांब गं जरा, मी लंडनशी बोलतोय.” कोणीतरी हसलं, ती अलका असणार. पुढच्या फाइलमध्ये अप्पा ‘ळ’शी अडले होते. “ळने सुरू होणारा शब्दच नाही गं. पोरीला काय सांगू?” त्याच्या पुढच्यात त्यांनी “श शाल्मलीचा” म्हणायला घेतलं, आणि मध्येच आवाज फुटला. घसा खाकरून ते म्हणाले, “हे नको. पुन्हा घे.”

सुप्रभा आता उघड उघड रडत होती. शाल्मलीने आपल्या बाहीने तिचे डोळे पुसले आणि शेवटची फाइल स्वतःच उघडली.

“झालं का सगळं?” अप्पा विचारत होते.

“झालं, काका. आता सगळं एकात बांधून टाकते, म्हणजे एकच फाइल होईल. छान सुटसुटीत.”

“छे छे, तसं नको करूस. आवाज सगळे सुटे ठेव. वेगळ्या जागी, त्यांची त्यांची हद्द आखून.”

“का हो काका?”

कपबशी वाजल्याचं ऐकू आलं.

“अगं, आमचे जावईबापू फार हौशी. माणूस लाखात एक, पण आज ना उद्या हे उघडणार. तुझं ते चित्रबित्र मोडलं तर मोडू दे त्यांना. माझी पोर मात्र तिथे एकटी आहे. तिला आवाज मिळाला पाहिजे.”

फाइल संपली. जिन्याखाली नुसती गिरणीची घरघर राहिली. सुप्रभा रडता रडता हसायला लागली, आणि मग तिला थांबताच येईना. तिने मागे हात करून राजीवच्या चिखलाच्या मोज्यावर ठेवला. राजीव खाली मान घालून बसला होता. एका गळक्या नळावरून त्या माणसाने त्याला इतकं नीट मोजलं होतं, आणि वर लाखात एकही म्हटलं होतं.

“बाबा, आजोबा तुला बोलला ना?” शाल्मलीने विचारलं. “अगेन लावू?”

राजीवचा हात माऊसकडे निघाला, आणि वाटेतच थांबला.

“तू लाव,” तो म्हणाला. “मी नाही हात लावत.”